बंदा रुपया आणि त्याची मोड

चांदी घ्यायची तर लहान लहान नाणी घ्यावीत की एकच मोठी वीट घ्यावी? पुढे कधी विकायची वेळ आली तर कशाला चांगले पैसे येतील? गेल्या एक-दोन वर्षांत हा प्रश्न खान्देशात घरोघरी ऐकू येतो. २०२५ च्या डिसेंबरात चांदीने किलोमागे दोन लाखांचा आकडा ओलांडला, तेव्हापासून तर लग्नाच्या पंगतीतही हीच चर्चा.

मी सराफ नाही आणि बँकेतलाही नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. परंतु आमचे घराणे मण्यारांचे. माझे अब्बा धुळे-जळगावकडच्या आठवडे बाजारांत बांगड्या भरीत. बांगडी भरणाऱ्याच्या हातात दिवसाला शे-पन्नास मनगटे येतात. कोणत्या मनगटावर गेल्या दिवाळीला चांदीचे कडे होते आणि या दिवाळीला नाही, हे त्याला न विचारता कळते. १९७२ च्या दुष्काळाबद्दल अब्बा एवढेच सांगत, ''त्या साली बायकांनी काचेची बांगडी एकेक जास्त भरून घेतली. चांदी उतरली होती ना! मनगट भरलेले तर दिसायला हवे.''

तेव्हा लहान की मोठी, हा प्रश्न आजचा वाटत असला तरी खान्देशाला तो तीन-साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. आणि इथल्या इतिहासाने त्याचे उत्तरही देऊन ठेवले आहे. चांदी घेण्याचा दिवस सुखाचा असतो, विकण्याचा दिवस बहुधा अडचणीचा असतो. नग लहान घ्यावा की मोठा, हे त्या अडचणीच्या दिवसाकडे पाहून ठरवावे, असे हे उत्तर आहे. ते कसे, हे आज आपण पाहू.

सुरतेहून आलेली चांदी

खान्देशात चांदीची खाण नाही. इथे आलेली चांदी बाहेरून आली. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेतून निघालेली चांदी युरोपमार्गे आणि अरबस्तानमार्गे सुरत बंदरात उतरे. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्या मुलखातून जाई. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. तेव्हा ते खान्देश सुभ्याचे मुख्य ठाणे होते आणि तिथे मोगलांची टांकसाळ होती. या रस्त्याने कापड सुरतेकडे जाई आणि बदल्यात चांदी येई.

टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात याच वाटेने गेला. त्याने प्रवासवर्णनात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. परदेशातून आलेली चांदी या राज्यात तशीच चालत नसे, ती टांकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घ्यावे लागत. दुसरी गोष्ट अशी की रुपया जितका जुना, तितका सराफ तो कमी किमतीला घेत. हातोहात फिरून नाणे झिजते, हे त्याचे कारण.

या कमी किमतीलाच आपण बट्टा म्हणतो. मराठेशाहीत तर टांकसाळी पुष्कळ झाल्या. आपल्याकडे चांदवडच्या टांकसाळीचे रुपये चालत, शिवाय इतर ठिकाणचे येत. प्रत्येकाचा कस निराळा आणि बट्टाही निराळा. बाजारात सराफ पाट मांडून बसे तो यासाठीच. मराठी भाषेने हा सगळा बाजार पोटात घेतला आहे. नावाला बट्टा लागतो, माणूस कसाला उतरतो, एखादा बंद्या रुपयासारखा खणखणीत असतो.

म्हणजे त्या काळीही मोठी लगड होती आणि लहान नाणे होते. लगड व्यापाऱ्याची. ती टांकसाळीपर्यंत पोचवण्याची आणि तिथे थांबण्याची ऐपत असलेल्याची. नाणे सगळ्यांचे, पण ते घेताना-देताना सराफाचा बट्टा सोसायचा. लहान नगाचा खर्च तेव्हापासूनचा आहे.

रुपयाभार

१८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला कारभाराचे ठाणे केले. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. हे वजन म्हणजेच एक तोळा. रुपया हेच वजन आणि रुपया हेच नाणे.

खेड्यातल्या सोनाराला वेगळी वजने लागत नसत. तराजूच्या एका पारड्यात दागिना आणि दुसऱ्या पारड्यात रुपये. शंभर रुपये भाराच्या साखळ्या म्हणजे काय, हे निरक्षर बाईलाही डोळ्यांनी दिसे. आजही आपल्याकडे पैंजण 'किती भाराचे' असे विचारतात.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी होती. मुंबईची टांकसाळ तेव्हा सर्वांना खुली होती. कोणीही चांदी आणावी, शेकडा दोन रुपये पाडणावळ आणि आटणीचा किरकोळ खर्च द्यावा आणि रुपये घेऊन जावे. त्यामुळे लगड, दागिना आणि रुपया ही एकाच वस्तूची तीन रूपे होती. एकाचे दुसरे करायला थोडा खर्च येई, पण तो किती येणार हे ठरलेले असे.

अशा काळात खान्देशात चांदीचा पूर आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्या कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. कापूस गाठी बांधून मुंबईला जाई आणि रुपयांच्या थैल्या परत येत. शेजारच्या मध्य प्रांतातल्या आणि वऱ्हाडातल्या कापूसपट्ट्यात काही हौशी शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असे त्या काळच्या इंग्रज लेखनात आढळते. युद्ध संपले आणि भाव कोसळले. पण आलेली चांदी सगळी परत गेली नाही. ती तोडे, साखळ्या, कडी, कमरपट्टे होऊन बायकांच्या अंगावर राहिली. रुपया घरात राहिला तर खर्च होतो, अंगावर चढला तर टिकतो, हा हिशेब बायकांनी केला होता आणि तो बरोबर होता.

दोन दुष्काळ, एकच चांदी

या हिशेबाची परीक्षा दोनदा झाली. पहिली १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. दख्खनच्या जिल्ह्यांत अन्न मिळेना, तेव्हा लोकांनी दागिने मोडले. मुंबईच्या टांकसाळीत तेव्हा दागिन्यांच्या चांदीची रीघ लागली होती. वाटेत सावकाराने आणि सराफाने आपला वाटा घेतला, हे खरे. परंतु रुपयाच्या कसाची शंभर तोळे चांदी टांकसाळीच्या दारात गेली की तिचे अठ्ठ्याण्णवच्या आसपास रुपये होत. सराफ किती लुबाडणार, याला त्या दाराने एक मर्यादा घातली होती.

दुसरी परीक्षा १८९९-१९०० ची, म्हणजे संवत १९५६ च्या 'छप्पन'च्या दुष्काळाची. मधल्या वीस-बावीस वर्षांत जग बदलले होते. जर्मनीने आणि पाठोपाठ इतर देशांनी सोन्याचे चलन धरले. अमेरिकेच्या खाणींतून चांदीचे ढीग निघाले. लंडनच्या बाजारात १८७२ साली औंसाला सुमारे ६० पेन्स भाव होता, तो घसरत गेला. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडमधली देणी पौंडात द्यावी लागत. रुपया घसरला की ती वाढत. म्हणून हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. यापुढे रुपये पाडणार ते फक्त सरकार. रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर टिकवायचे धोरण ठरले.

सरकारचा रुपया सावरला. बाईच्या अंगावरच्या चांदीचे काय? ती बाजारभावाने खाली गेली. १८९९ च्या सुमारास लंडनचा भाव औंसाला २७-२८ पेन्स होता. त्या भावाने एका रुपयातल्या चांदीची किंमत होते दहा आण्यांच्या आसपास. वरचे सहा आणे नुसत्या शिक्क्याचे.

आता ही दोन घरे डोळ्यांपुढे आणा. एका घरात शंभर रुपये गाडग्यात पुरलेले आहेत. दुसऱ्या घरात शंभर रुपये आटवून केलेले दागिने आहेत. चांदी तीच आणि वजनही तेच. दुष्काळात पहिल्या घराने शंभर रुपयांची ज्वारी आणली. दुसऱ्या घराला, सराफाने घट धरण्याआधीच, साठ-पासष्ट रुपये मिळाले. त्या बाईने काहीच गैर केले नव्हते. तिच्या आईने आणि आजीने जे केले तेच तिने केले होते. दूर सिमल्याला एक कायदा झाला आणि तिच्या गळ्यातली साखळी एक तृतीयांशाने हलकी झाली. दादाभाई नौरोजींनी या चलननीतीला कडाडून विरोध केला तो उगाच नव्हे.

इथे लहान-मोठ्याच्या प्रश्नाला पहिले वळण मिळते. नगाचा आकार नंतर पाहायचा. आधी पाहायचे ते त्याच्यावर शिक्का कोणाचा आहे आणि तो शिक्का विकायच्या दिवशी कोण मानणार आहे. १८७७ साली टांकसाळ कोणाचीही चांदी मानत होती. १९०० साली ती मानेनाशी झाली, आणि मग सराफ म्हणेल तो भाव उरला.

लहानाचे मोठे, मोठ्याचे लहान

दुष्काळात खान्देशातल्या चांदीचा प्रवास कसा होई, तेही पाहण्यासारखे आहे. खेड्यातली बाई दागिना आधी गहाण टाकी. विकणे हे शेवटचे. व्याज चढत जाई, पाऊस येत नसे आणि दागिना सावकाराचा होई. तो तालुक्याच्या सराफाकडे येई. वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या घरांचे दागिने एका मुशीत पडत. कुणाचे कडे, कुणाची साखळी, कुणाच्या बाळाचे वाळे. त्या सगळ्यांची एक लगड होई आणि ती रेल्वेने मुंबईला जाई. चांगली सुगी आली की उलटा प्रवास. मुंबईहून चांदीची पाट येई, सराफ तिचे तुकडे करी, सोनार दागिने घडवी आणि ते पुन्हा खेड्यांत जात.

म्हणजे दुष्काळात लहानाचे मोठे होई आणि सुगीत मोठ्याचे लहान होई. जाताना घट कापली जाई आणि येताना घडणावळ लागे. दोन्ही वेळा मधल्या माणसाची कमाई, दोन्ही वेळा खेड्याचे नुकसान. मोठी लगड स्वस्त का आणि लहान नग महाग का, याचे कारण एवढेच आहे. लहान करायला हात लागतात, आणि त्या हातांचे पैसे परत विकताना कोणी देत नाही.

तरीही लोक लहान नगच का घेत राहिले? ते अडाणी होते म्हणून? मला तसे वाटत नाही. मराठीत 'मोड' हा एक शब्द आहे. बंद्या रुपयाची सुटी नाणी म्हणजे मोड, आणि दागिना विकणे म्हणजे मोडणे. शब्द एकच, कारण क्रिया एकच आहे. गरज कधी बंद्या रुपयाएवढी येत नाही. ती येते दोन पायली ज्वारीएवढी, औषधाच्या एका बाटलीएवढी. शंभर भार चांदी दहा नगांत असेल तर बाई एक नग मोडते आणि नऊ राखते. तीच एका नगात असेल तर सगळी काढावी लागते, किंवा तिच्यावर कर्ज काढावे लागते. गरज तोळ्याची आणि माल शेराचा झाला की भाव समोरच्याच्या हाती जातो.

सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल बांधवांकडे हे आजही पाहायला मिळते. धडगाव, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांत होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. अंगभर चांदी घालून बायका येतात. शहरातला माणूस त्याला शृंगार म्हणतो आणि फोटो काढतो. शृंगार तो आहेच. पण कमरेला, दंडाला, गळ्यात, पायांत वेगवेगळे नग असणे ही सोयही आहे. त्यांतला कोणता आधी मोडायचा आणि कोणता कधीच मोडायचा नाही, हे त्या घरात ठरलेले असते.

वजन गेले, आकडा राहिला

चांदीच्या रुपयाचे पुढे काय झाले? पहिल्या महायुद्धात चांदी उलट फिरली. भाव इतका चढला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होऊ लागली. लोक रुपये आटवतील म्हणून सरकारने बंदी घातली. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली. अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून खजिन्यातली सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी दिली, तेव्हा कुठे नाणी पुरली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४१ ते १९४३ या काळात राणीछाप आणि नंतरचे जुने चांदीचे रुपये चलनातून बाद झाले. १९४७ साली रुपया निकेलचा झाला.

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोद्याचा. त्या १९५१ साली गेल्या. त्या जन्मल्या तेव्हा अंगावरची चांदी टांकसाळीत देऊन रुपये आणता येत होते. त्या तेराव्या वर्षात असताना टांकसाळीचे दार बंद झाले. विशीत त्यांनी छप्पनचा दुष्काळ पाहिला, आणि त्या गेल्या तेव्हा रुपयात चांदीचा कणही नव्हता. एका शेतकरी बाईच्या आयुष्यात एवढा सगळा बदल मावला.

आमच्या घरांत याची एक खूण अजून आहे. मुसलमानांच्या निकाहात नवऱ्याने बायकोला मेहेर द्यायची असते. जुन्या निकाहनाम्यांत पुष्कळदा १२७ रुपये ८ आणे ही रक्कम दिसते. पुढे 'सिक्का रायजुलवक्त', म्हणजे त्या वेळचे चालते नाणे, असे शब्द असतात. चांदीचे रुपये चालत होते तेव्हा या रकमेचे वजन साडेएकशे सत्तावीस तोळे होते. त्यात सुमारे १,३६० ग्रॅम शुद्ध चांदी येते. किलोला दोन लाख धरले तर आज तिचे पावणेतीन लाखांच्या जवळपास होतात. एखादी बाई विधवा झाली किंवा तिला सोडून दिले, तर तिचे काही महिने निभतील एवढी ही सोय होती. पुढे नाणे कागदाचे झाले, निकाहनाम्यातला आकडा मात्र कित्येक घरांत तोच राहिला. १२७ रुपये ५० पैसे! ज्यांनी मेहेर नाण्यांत घेऊन पेटीत ठेवली त्यांच्याकडे चांदी राहिली. ज्यांची मेहेर नुसती लिहिलेली होती त्यांच्याकडे आकडा राहिला.

म्हणूनच आमच्याकडे जकातीचा हिशेब अजून चांदीच्या वजनात सांगतात. साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता वर्षभर असेल तर जकात द्यावी, असा दंडक. रुपयाचा आकडा बदलतो, तोळा बदलत नाही.

मोठ्या विटेची गोष्ट

आता मोठ्या विटेची बाजूही ऐकली पाहिजे. घाऊक बाजारात चांदीची मोठी वीट तीस किलोच्या आसपासची असते. वायदेबाजारातही तीस किलोचा मोठा सौदा, पाच किलोचा त्याहून लहान आणि एक किलोचा सगळ्यांत लहान असे प्रकार आहेत. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि १९९० पर्यंत सामान्य माणसाला सोन्याची लगड घेण्या-ठेवण्यावर निर्बंध होते. चांदीला ती आडकाठी नव्हती. मोठी वीट घेतली की घडणावळ जवळजवळ नाही, डाक म्हणजे जोडाची भेसळ नाही, कस पक्का. ज्याला वर्षानुवर्षे हात लावायचा नाही, त्याला ती बरीच.

पण मोठेपणाला अडचणीही मोठ्या. लहान नाणे यंत्रावर ठेवले की कस कळतो. जाड विटेचा पृष्ठभाग कळतो, पोटातले कळत नाही. त्यासाठी भोक पाडून नमुना काढावा लागतो किंवा वीट आटवावी लागते. अनोळखी दुकानात वीट नेली की सराफ सावध होतो, आणि त्याच्या सावधपणाची किंमत विकणारा भरतो.

मोठ्या चांदीचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या हंट बंधूंचे. १९७० च्या दशकात त्यांनी कोट्यवधी औंस चांदी आणि चांदीचे सौदे गोळा केले. जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात गेला. बाजाराने नियम कडक केले, घेणारे आटले, आणि २७ मार्च १९८० रोजी भाव ११ डॉलरच्याही खाली आला. कागदावर ते जगातले सर्वांत मोठे चांदीवाले होते. विकायला निघाले तेव्हा एवढी चांदी घेणारा कोणी उरला नव्हता.

मग काय घ्यावे?

एक सोपा हिशेब करू. यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कारण भाव रोज बदलतो आणि घडणावळ दुकानागणिक बदलते. समजा, चांदी ग्रॅमला २०० रुपये. दहा ग्रॅमच्या नाण्यावर शेकडा आठ घडणावळ आणि किलोच्या विटेवर शेकडा एक. वर तीन टक्के जीएसटी. शंभर नाण्यांना सुमारे २ लाख २२ हजार ५०० रुपये पडतील आणि विटेला सुमारे २ लाख ८ हजार. फरक साडेचौदा हजारांच्या जवळपास. विकताना दोन्हींना धातूचाच भाव मिळणार. घडणावळही परत नाही आणि जीएसटीही परत नाही.

तेव्हा साडेचौदा हजार ही मोडीची किंमत आहे. थोडी थोडी विकण्याची मुभा आपण विकत घेतो. ज्याला कधीच थोडी विकायची नाही त्याने ती का द्यावी? आणि ज्याच्या घरी फी, औषध, बियाणे असे खर्च अवचित उभे राहतात, त्याने ती दिली तर त्याला मूर्ख का म्हणावे?

सरकारी नियमही याच बाजूने पाहायला हवेत. दोन लाखांवरच्या व्यवहाराला पॅन लागते आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. किलोची वीट विकली की माणूस या नियमांत येतो. त्यात भिण्यासारखे काही नाही, पण पावती आणि बँकेचे खाते हवे. दुसरी गोष्ट गहाणाची. चांदीवर तारण कर्ज देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये निर्देश काढले. ते अमलात आणायला १ एप्रिल २०२६ ही मुदत दिली. त्यांनुसार एका कर्जदाराचे चांदीचे दागिने दहा किलोपर्यंत आणि चांदीची नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण घेता येतात. विटेवर, लगडीवर मात्र कर्ज देता येत नाही. आपल्याकडे चांदी विकण्याआधी गहाण पडते, हे मी मघाशी सांगितले. तेव्हा वीट घेणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे की बँक तिला हात लावणार नाही.

शिक्क्याचा मुद्दा तर आजही तितकाच खरा. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवर ओळखक्रमांकासह हॉलमार्क ऐच्छिक स्वरूपात सुरू झाला. भुसावळच्या पुढे वऱ्हाडातल्या खामगावाला लोक रजतनगरी म्हणतात ते तिथल्या चांदीच्या कसावरच्या विश्वासामुळे. असा विश्वास असेल तर लहान नगही खणखणीत विकला जातो, नसेल तर मोठ्या विटेलाही बट्टा लागतो. जुने राणीछाप रुपये लोक दिवाळीच्या पूजेला हौसेने घेतात. त्यांत नकलीही फिरतात, म्हणून तेही कसाला लावून घ्यावेत.

माझे मत विचाराल तर मधला मार्ग बरा. जी शिल्लक दहा वर्षे लागणार नाही ती मोठ्या नगात ठेवावी. बाकीची पन्नास-शंभर ग्रॅमच्या नगांत, साध्या घडणीची, शुद्धतेचा शिक्का असलेली, सीलबंद. नक्षीचे पैसे देऊ नयेत. नक्षी मुशीत पहिली विरघळते. घेतानाच दुकानदाराला विचारावे, ''परत आणली तर किती कापणार?'' आणि त्याने दिलेले उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

आणि आणखी एक. घरची चांदी अडचणीत बहुधा बाईच्याच अंगावरून उतरते, हे खान्देशाने प्रत्येक दुष्काळात पाहिले आहे. तेव्हा आईला, बायकोला, लेकीला म्हणून चांदी घेतली, तर पावती तिच्याच नावाची करा. ती कुठे ठेवली आहे ते तिला सांगा. कोणता नग आधी मोडायचा, हेही तिलाच ठरवू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)